ऑपरेटरशिवाय खेळ

ऑपरेटरांना जगातल्या बहुतेक गोष्टी फालतू वाटत. लिफ्ट फालतू, कारण माणसाला पाय कशाला दिलेत? चष्म्याच्या दुकानातला तो गोडगोड बोलणारा सेल्समन फालतू. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर तर फालतूंचे शिरोमणी, कारण ते रोज सकाळी बागेत जाऊन अनोळखी लोकांबरोबर मोठमोठ्याने हसत, आणि त्याला व्यायाम म्हणत. तेव्हा मुलाने एक दिवस जेवणाच्या डब्याएवढा काळा डबा आणून टीव्हीखाली ठेवला आणि "बाबा, हा सर्व्हर," असं म्हणून छाती फुगवली, तेव्हा ऑपरेटरांनी त्या डब्याकडे अशी नजर टाकली की दुसरं एखादं यंत्र असतं तर जागच्या जागी बंद पडलं असतं.

त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. सगळी उमर त्यांनी सिनेमाच्या थिएटरात काढली होती, पण खुर्च्यांवर नाही. खुर्च्यांच्या मागे, वरच्या अंगाला, त्या कोंदट केबिनमध्ये, दोन प्रोजेक्टरांच्या मधोमध. शेकडो सिनेमे त्यांनी चालवले आणि एकही धड पाहिला नाही. यंत्रांच्या खडखडाटात संवाद ऐकू येत नसत, आणि गोष्ट रंगात आली की नेमकं रीळ बदलायची वेळ होई. भिंतीतल्या वीतभर खिडकीतून त्यांना खरं दिसायची ती लोकांची डोकी. कुठलं डोकं झोपलंय, कुठली दोन डोकी जवळ आलीत, कुठलं डोकं रडतंय, हे त्यांना पडद्यापेक्षा जास्त कळायचं.

"यात तुमचे सगळे जुने सिनेमे भरलेत," मुलगा म्हणाला. "ही बाजूची डिस्क, हिच्यात सिनेमे. हा डबा ते टीव्हीला पुरवणार. तुम्ही फक्त रिमोटचं बटण दाबायचं."

"आणि ऑपरेटर कोण?"

"ऑपरेटर कशाला लागतो, बाबा? सगळं चालवायला लिनक्स आहे आत."

"कोण हा लिनक्स? त्याला विचार, आधी कुठल्या थिएटरात होता."

सूनबाई फिसकन हसली. मुलगा हसला नाही. तो कामावर अशीच यंत्रं सांभाळायचा, खोल्याच्या खोल्या भरून, आणि वडिलांना आपलं काम कधी तरी कळेल ही आशा त्याने शाळेत असल्यापासून सोडलेली नव्हती. बिचारा! काही लोकांना आशा सोडायचीही अक्कल नसते.

त्या पहिल्या रविवारी खेळ झाला. मुलाने लॅपटॉप उघडला, वायफायवरून डब्यात शिरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ लिहिली, आणि टीव्हीवर सिनेमांची चित्रं रांगेने उभी राहिली. मुलगा आणि सूनबाई सोफ्यावर बसली. ऑपरेटरांनी आपली खुर्ची उचलली आणि सोफ्याच्या मागे नेऊन ठेवली. "तिथून काय दिसणार, बाबा?" सूनबाईने विचारलं. "मला दिसायचं ते दिसतं," ते म्हणाले. सिनेमा मध्यावर आला तेव्हा मुलाची मान एका बाजूला कलंडली. लहानपणी केबिनमध्ये रिळांच्या पेट्यांवर झोपायचा तेव्हाही ती अशीच, त्याच बाजूला कलंडायची. ऑपरेटरांनी राहिलेला सगळा वेळ त्या मानेकडे बघण्यात घालवला. सिनेमा फालतू होता, असं त्यांनी शेवटी जाहीर केलं.

रात्री मुलगा आणि सूनबाई गेल्यावर त्यांनी दिवे मालवले आणि टीव्हीच्या बोर्डाचा मेन स्विच खाली ओढला. केबिन सोडताना मेन खाली, हा त्यांच्या हाताचा धर्म होता. जुनी फिल्म भडकन पेट घ्यायची. मेन चालू ठेवून घरी गेलेल्या एका ऑपरेटरचं थिएटर कसं कोळसा झालं, ते ऐकतच ते या धंद्यात वाढले होते. तेव्हा डबा असो की डब्याचा बाप, खेळ संपला की मेन खाली.

दुसऱ्या दिवशी मेन वर केला, टीव्ही लावला, तर टीव्ही म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. ऑपरेटरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी लगेच फोन लावला.

"तुझा लिनक्स मेला."

"मेला नाही हो, बाबा. डबा बंद होऊन चालू झाला की सर्व्हर हाताने चालू करावा लागतो. मी शिकवतो. एकच ओळ टाइप करायची."

"मी टायपिस्ट नाही."

"मग मला घरूनच आत शिरता येईल अशी सोय करतो."

"माझ्या घरात चोरवाट पाडायची नाही. आलास तर दारातून ये."

मुलगा सुस्कारा टाकून म्हणाला, "बरं. रविवारी येतो."

आता खरी गोष्ट सांगायला हवी. या डब्याच्या आधी मुलगा कधी यायचा? शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. पण कधी काम, कधी पाऊस, कधी गाडी दुरुस्तीला. ऑपरेटरांची बायको होती तोवर ती फोन करकरून बोलवायची. ती गेली आणि बोलावणारं तोंड गेलं. ऑपरेटरांच्या तोंडाला तसली सवयच नव्हती. "ये" हा एवढासा शब्द, पण त्यांच्या घशातून तो कधी बाहेर पडला नाही, त्याऐवजी "कशाला आलास?" हा बरोबर बाहेर पडायचा. आणि आता बघा, या भिकारड्या डब्यामुळे पोरगा रविवारमागून रविवार दारात उभा! सूनबाई जेवण घेऊन येई, मुलगा एक ओळ टाइप करी, खेळ होई, मान कलंडे, आणि ऑपरेटर सोफ्यामागे बसून आपलं सगळं जग डोळे भरून पाहून घेत. रात्री मेन खाली. आठवडाभर टीव्ही काळा. शनिवारी फोन. असं छान बसलं होतं.

मुलगा मात्र हातापाया पडायचा. "बाबा, तो स्विच बंद करू नका. चोवीस तास चालू ठेवायचं यंत्र आहे ते."

"मी कुठे बंद करतो? लाइट जाते."

"दर आठवड्याला?"

"वीजखात्याला विचार. फालतू खातं."

सूनबाई स्वयंपाकघरात चहा ओतत होती. तिथे फळीवर एक विजेवर चालणारं घड्याळ होतं, हिरव्या आकड्यांचं. लाइट जाऊन आली की ते शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं, आणि कुणीतरी वेळ लावेपर्यंत लुकलुकतच राहायचं. ऑपरेटर कप घ्यायला आत आले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे, मग सासऱ्यांकडे.

"वेळ अगदी बरोबर दाखवतंय हो हे, बाबा."

"मी लावतो," ऑपरेटर म्हणाले.

"लाइट गेली की लगेच?"

"लगेच."

"कसं लावतात? मला दाखवा ना. आमच्याकडेही असंच आहे, आम्हाला जमत नाही."

ऑपरेटरांनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, एक बटण दाबलं तर भोंगा वाजायला लागला. सूनबाईने ते त्यांच्या हातातून काढून घेऊन भोंगा बंद केला आणि फळीवर ठेवलं. मग चहा बाहेर घेऊन गेली. ऑपरेटर तिथेच उभे राहिले. बाई फार हुशार, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी त्याबद्दल तिलाही मनातल्या मनात फालतू ठरवून टाकलं.

पण मुलगा चिकाटीचा. एका रविवारी तो येताना डोळ्यांत चमक घेऊन आला. "आज कायमचा बंदोबस्त करतो," म्हणाला. "डबा चालू झाला की सर्व्हर आपला आपण चालू होईल. लाइट जाऊ दे नाहीतर काही होऊ दे. तुमची कटकटच संपली, बाबा."

ऑपरेटरांनी घाईघाईने पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरला. तोंड मात्र तयारच असे. "कर, कर. ज्याला हाताने एक यंत्र नीट चालू ठेवता येत नाही, तो आता हात न लावता चालू करणार!"

मुलाने एक छोटी फाइल लिहिली. यंत्र जागं झालं की त्याने कुठलं काम आपणहून सुरू करायचं, ते तिच्यात सांगितलेलं असतं, असं त्याने सूनबाईला समजावलं, कारण वडील मुद्दाम पेपर फडकवत होते. मग त्याने डबा बंद केला, चालू केला, पुन्हा लॅपटॉपवरून आत शिरला. टीव्हीवर चित्रं उभी! "बघा! मी काहीसुद्धा टाइप केलं नाही." मुलगा लहान पोरासारखा हसला. ऑपरेटरांनी पेपर आणखी वर धरला. त्या दिवशीचा खेळ त्यांना अजिबात गोड लागला नाही.

रात्री मेन खाली. सकाळी मेन वर. ऑपरेटर टीव्हीसमोर श्वास रोखून उभे राहिले.

सर्व्हर सापडत नाही.

"अरे वा रे, पठ्ठ्या!" ऑपरेटर ओरडले, आणि हे ते लिनक्सला म्हणाले की मुलाला, त्यांचं त्यांनाच माहीत. त्यांनी तिथल्या तिथे फोन केला.

पुढच्या रविवारी मुलगा आला, लॅपटॉप उघडला, नेमकं काय बिघडलंय ते बघायला डब्यात शिरला, आणि टीव्हीवर चित्रं उभी राहिली. तो गोंधळला. "चालूच आहे की!"

"आत्ता झालं. आठवडाभर मढं होतं."

मुलगा बाहेर पडला, चित्रं गेली. आत शिरला; आली. संध्याकाळपर्यंत हाच खेळ. शेवटी तो कपाळाला हात लावून बसला. "मी गाढव आहे. हे मी माझ्या नावाखाली बसवलं. म्हणून मी आत शिरलो की ते उठतं, आणि मी बाहेर पडलो की मरतं. एरवी माझी वाट बघत पडून राहतं."

"गाढवपणा खरा," ऑपरेटर म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. तू आलास की चालू, तू गेलास की बंद: याहून चांगली व्यवस्था कुणी केली असती? त्यांना तर त्या डब्याबद्दल पहिल्यांदाच थोडी माया वाटली. "राहू दे तसंच," ते म्हणाले. "उगाच जास्त शहाणपणा करायला जाऊ नकोस."

"तसंच कसं ठेवू? लाज वाटते मला. कामावर दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं." उशीर झाला होता म्हणून तो त्या दिवशी उठला. पण जाताना दारात थांबून म्हणाला, "पुढच्या वेळी शेवटचा त्रास देतो तुम्हाला."

शेवटचा! ऑपरेटरांनी तो आठवडा कॅशियरांशी भांडण्यात काढला.

मग तो रविवार उजाडला. मुलाने जुनी फाइल उडवली, नवीन लिहिली, या वेळी कुणाच्याही नावाखाली नाही, थेट यंत्राच्या नावावर. मग लॅपटॉप मिटून चक्क लांब ठेवून दिला आणि म्हणाला, "आता मी आत शिरणारच नाही. बाबा, तुम्हीच स्विच खालीवर करा." ऑपरेटरांनी मेन खाली ओढला, वर केला. तिघं टीव्हीकडे बघत राहिली. सर्व्हर सापडला! मुलाने टाळी वाजवली. आणि टीव्हीवर ओळ उमटली: तुमच्या संग्रहात काहीही नाही.

एकही सिनेमा नाही. कपाट आहे, फळ्या आहेत, आत हवा. मुलाने लॅपटॉप ओढला, सर्व्हर हाताने बंद करून चालू केला, तर सगळे सिनेमे आले. मेन खालीवर केला, पुन्हा हवा. परत केला, तर काय नवल, या वेळी आले. चौथ्यांदा पुन्हा हवा. मुलाचे केस विस्कटले, चहा गार झाला, सूनबाई खुर्चीवर पेंगायला लागली. ऑपरेटर सोफ्यामागे पाय लांब करून बसले होते. इतका करमणुकीचा कार्यक्रम त्यांच्या थिएटरातही कधी लागला नव्हता.

शेवटी मुलाने लॅपटॉप मिटला. "आज नाही जमत. डोकं चालत नाहीये. पुढच्या रविवारी येऊन बघतो."

जिंकले! ऑपरेटर जिंकले होते. पुढचा रविवार खिशात, आणि याची गाडी अशीच अडकत राहिली तर त्याच्या पुढचाही. त्या क्षणी त्यांनी फक्त "बरं" म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, नुसती मान हलवायची होती. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. समोर पोरगा हरून बसलाय, आणि टोमणा मारायचा नाही? तो मारला नाही तर त्यांचं अन्न पचलं नसतं.

"आमच्याकडे," ऑपरेटर पाय हलवत म्हणाले, "दारावर तिकिटं फाडणाऱ्यालासुद्धा माहीत होतं की रीळ चढलंय की नाही ते बघितल्याशिवाय दिवा पेटवायचा नसतो. नाहीतर नुसता पांढरा पडदा, आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. तुझा हा लिनक्स दिवा पेटवून मोकळा. रीळ चढलं की नाही, त्याला काय पत्ता! फालतू ऑपरेटर."

मुलगा उठता उठता अर्ध्यात थांबला.

"काय म्हणालात?"

"फालतू ऑपरेटर म्हणालो."

"त्याच्या आधी. रीळ चढलं की नाही." मुलगा वाकला आणि बाजूच्या डिस्कला कान लावला. "बाबा, मेन खालीवर करा बरं." ऑपरेटरांनी नाइलाजाने मेन खालीवर केला. डब्याचा हिरवा दिवा लागला; डिस्क मात्र घरघरत, रेंगाळत, म्हाताऱ्या माणसासारखी उठायला लागली. "ही जुनी डिस्क आहे. हिला उठायला वेळ लागतो. डबा आधीच उठून बसतो, सर्व्हर चालू होतो, सिनेमे कुठेत म्हणून बघतो, तर डिस्क अजून आलेलीच नाही! म्हणून रिकामं. कधी ती लवकर उठली तर दिसतं. अहो बाबा, दुपारपासून मी भलत्याच ठिकाणी शोधतोय!"

त्याने फाइल उघडली आणि आणखी एक ओळ घातली: डिस्क जोडली जात नाही तोवर सर्व्हरने उठायचंच नाही. मेन खालीवर. थोडा वेळ काहीच नाही. डिस्कची घरघर थांबली, आणि टीव्हीवर सगळेच्या सगळे सिनेमे रांगेने उभे. पुन्हा केलं, पुन्हा उभे. ऑपरेटरांनी आशेने आणखी कितीतरी वेळा मेन खालीवर केला. दर वेळी उभे.

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतंत तर सुचलंच नसतं," मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की ऑपरेटरांना तिकडे बघवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या जन्मात पोराला एक चांगला शब्द दिला नाही, आणि जो एक उपयोगाचा शब्द तोंडातून पडला, तो नेमका त्याला घरी पाठवणारा.

"आता तुम्हाला आमची गरज नाही," दारात मुलगा म्हणाला. "खुशाल स्विच बंद करा, काही करा."

"नव्हतीच कधी," ऑपरेटर म्हणाले.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. मुलाचा फोन आला. "चालू आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आठवड्यात मध्येच एकदा खरोखरची लाइट गेली, सगळ्या इमारतीची. आली तेव्हा स्वयंपाकघरातलं घड्याळ शून्यावर लुकलुकायला लागलं आणि बाहेरच्या खोलीत डबा आपणहून उठला, डिस्कसाठी थांबला, आणि सिनेमे मांडून तयार झाला. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. ऑपरेटर खुर्ची घेऊन सोफ्यामागे बसले. एक सिनेमा लावला. पहिल्यांदाच त्यांना त्यातले सगळे संवाद ऐकू आले, स्वच्छ, शब्द न् शब्द. पण समोर सोफ्यावर एकही डोकं नव्हतं. रिकाम्या थिएटरात खेळ चालवायची वेळ त्यांच्यावर पूर्वीही आली होती, त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि इतकं वाटलं की त्यांनी सिनेमा अर्ध्यातच बंद केला.

मग पुन्हा रविवार आला. सकाळी ऑपरेटरांनी बराच वेळ डब्याकडे रोखून पाहिलं, आणि मग वाकून डिस्कची वायर उपटून काढली. मेन खालीवर केला. डबा उठला आणि डिस्कची वाट बघत बसला. टीव्ही म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. हुकमाचा पत्ता! वायर एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन लावला.

फोन सूनबाईने उचलला.

"त्याला दे. मशीन बंद पडलंय. लाइट गेली होती."

"हो का?" सूनबाई म्हणाली. "घड्याळ लुकलुकतंय का, बाबा?"

घड्याळ लुकलुकत होतं. त्या खऱ्या लाइटपासून लुकलुकतच होतं, कारण ते लावता कुणाला येत होतं? पहिल्यांदाच त्यांच्याजवळ खरा पुरावा होता. "हो" म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पण ऑपरेटर हातातली वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"बाबा, एक सांगू?" सूनबाईचा आवाज खाली आला. "लाइट जात नव्हती, स्विच तुम्हीच मुद्दाम बंद करत होता, हे मला आधीपासून माहीत आहे. मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, तुम्हीच कधीतरी नुसतं ‘ये’ म्हणाल. तुमच्याकडून परत येताना ते गाडीत एक शब्द बोलत नाहीत. त्यांना वाटतं, ते आलेले तुम्हाला खपत नाहीत. म्हणून तर जीव तोडून मशीन नीट केलं त्यांनी, तुमची पीडा टळावी म्हणून. थांबा, फोन देते. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

ऑपरेटर उभेच्या उभे राहिले. पीडा! म्हणे पीडा! त्यांना सणसणीत राग आला. आधी सूनबाईचा, मग मुलाचा, आणि मग, राग ठेवायला आणखी कुणी उरलंच नाही तेव्हा, ज्याचा यायला हवा होता त्याचा. सोफ्यावर मुलगा बसायचा तिथे, एका बाजूला, उशी अजून दबलेली होती.

"बाबा?" मुलाचा आवाज. थकलेला, पण तयार. "काय झालं? बंद पडलं का?"

ऑपरेटरांनी हातातल्या वायरकडे पाहिलं.

"नाही. चालू आहे."

"मग?"

"मग काय मग? चालू असलं म्हणजे यायचं नाही, असं कुणी सांगितलं तुला, गाढवा?"

ऑपरेटरांना वाटलं, लाइन तुटली. फालतू फोन.

"येतो," मुलगा म्हणाला. "आत्ताच निघतो, बाबा."

"गाडी सावकाश चालव. आधीच तुझं डोकं चालत नाही."

फोन ठेवून ऑपरेटर खाली वाकले आणि वायर परत खोचायला लागले. पहिल्यांदा उलटी गेली, दुसऱ्यांदाही, आणि तिसऱ्यांदा बसली. डिस्क घरघरली. ते तिच्याजवळच जमिनीवर बसून राहिले, ती पुरती उठेपर्यंत. मग त्यांनी उशी झटकली, आणि पुन्हा जरा दाबून जिथल्या तिथे ठेवली.

दारावर थाप पडली तेव्हा ते आपल्या खुर्चीवर बसले होते, सोफ्यामागे, पेपर उभा धरून.

"उघडंच आहे," ते आतून खेकसले. "ढकल. तेवढं तरी जमेल ना?"